परिवीक्षा आणि निश्चित निवासाची अट : एक चिकित्सा

अपराध्यास कारावासाऐवजी सुधारणेची संधी द्यावी, हे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे मूलतत्त्व होय. मृत्युदंड वा आजन्म कारावासास पात्र नसलेल्या अपराधात कलम ४ अन्वये दोषी व्यक्तीस सद्वर्तनाच्या बंधपत्रावर मुक्त करता येते. अपराधाचे स्वरूप, अपराध्याचे चारित्र्य व प्रकरणाची परिस्थिती हे त्यातील निर्णायक घटक होत. २१ वर्षांखालील अपराध्यांना कलम ६ अधिक संरक्षण देते. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य (१९६४) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानेही सुधारणेच्या तत्त्वास बळ दिले.

तथापि, कलम ४ च्या परंतुकातील एक अट चिकित्सेस पात्र ठरते. अपराध्यास किंवा त्याच्या जामीनदारास निश्चित निवासस्थान अथवा नियमित व्यवसाय असल्याची न्यायालयाची खात्री पटावी लागते. ही अट वरकरणी तटस्थ भासते. परंतु पालावर राहणारा पारधी वा पदपथावर झोपणारा मजूर ती कशी पूर्ण करणार? पत जामीन मिळविणे त्यांना अधिकच दुष्कर असते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक भटक्या जमातींना जन्मतःच संशयित ठरविले होते. ते १९५२ मध्ये रद्द झाले. मात्र अवघ्या सहा वर्षांनी आलेल्या या उदार कायद्यातही स्थिर निवासास महत्त्व मिळाले.

देखरेखीसाठी अपराधी सापडला पाहिजे, हा युक्तिवाद ग्राह्यच आहे. परंतु ते काम परिवीक्षा अधिकाऱ्याच्या नियमित भेटी व ठरावीक ठिकाणची हजेरी यांतूनही साधता येईल. अन्यथा अपराध समान असूनही केवळ बेघर असल्याने एकास कारावास भोगावा लागेल. सबब, सदर परंतुकात सुधारणा होणे अगत्याचे आहे.