अवधान आणि निर्मितीचा दुसरा क्षण

मनाची ग्रहणशक्ती मर्यादित असल्यामुळे अवधान म्हणजे मुख्यतः निवड होय, असे प्रतिपादन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ साली केले. त्याच वर्षी मराठीभाषी हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध रायपूरजवळच्या राजनांदगावी प्राध्यापक म्हणून आले. 'एक साहित्यिक की डायरी' (१९६४) या ग्रंथात त्यांनी निर्मितीचे तीन क्षण मानले आहेत : तीव्र जीवनानुभव, त्या अनुभवाचे भोक्त्याच्या वेदनेपासून विलग होऊन कल्पनाचित्र बनणे, आणि त्या चित्राचे शब्दांकन.

यांपैकी दुसरा क्षण हाच अवधानाचा क्षण होय. मात्र येथील निवड वगळण्यात संपत नाही. दूर सारलेली वेदना नाहीशी होत नाही. ती अंतरावरून पाहिली जाते आणि म्हणूनच एकाची न राहता अनेकांची होऊ शकते. ब्रॉडबेंट यांची चाळणी मनात काय शिरते ते सांगते. शिरलेल्याचे मोल कसे ठरते, हा प्रश्न समीक्षेचाच आहे. मुक्तिबोधांच्या दीर्घ कवितांवर दुर्बोधतेचा आरोप करणाऱ्याने म्हणूनच आधी स्वतःचे अवधान तपासावे. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच.