परीक्षेची तयारी आणि वाचनाची सवय : औषधमात्रेचा हिशेब व कवितेचे विश्लेषण यांच्या अभ्यासाची चिकित्सा

परिचर्या महाविद्यालयातील औषधमात्रेचा हिशेब आणि कला शाखेतील कवितेचे विश्लेषण हे दोन विषय एकाच लेखात आणणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याची शक्यता आहे. पहिल्या विषयात उत्तर एकच असते, तर दुसऱ्यात प्रत्येक वाचकाचे उत्तर वेगळे असू शकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र परीक्षेच्या आदल्या महिन्यात विद्यार्थी या दोन विषयांची तयारी कशी करतात हे पाहिले, तर दोन्हीकडे एकच सवय दिसून येते. सूत्र पाठ केले जाते, परंतु ज्या वस्तूला ते लावायचे ती वस्तू वाचली जात नाही.

औषधमात्रेचे सूत्र फार अवघड नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा भागिले उपलब्ध औषधाची मात्रा, गुणिले ते औषध ज्या द्रवात आहे त्याचे आकारमान. ३७५ मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे लिहिले आहे, तर उत्तर ७.५ मिलिलिटर. सलाईनचेही तसेच. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यायचा असून संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. अशी पंचवीस-तीस उदाहरणे सोडवली की विद्यार्थिनीचा हात बसतो, आणि हात बसणे आवश्यकच आहे. अडचण तिथे नाही. सरावातील उदाहरणांत सर्व आकडे स्वच्छ, एका ओळीत, योग्य एककांसह मांडून दिलेले असतात. प्रत्यक्ष वॉर्डात ते तसे मिळत नाहीत. ते बाटलीवरच्या लहान अक्षरांतून शोधावे लागतात.

भारतात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांत मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोहोंसाठी सिरिंजही वेगळ्या असतात. २० युनिट द्यायचे आहेत म्हणून ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, परंतु बाटली १०० युनिटची होती, तर रुग्णाच्या शरीरात ५० युनिट जातात. म्हणजे अडीच पट. येथे गणित चुकलेले नाही, किंबहुना गणित करण्याची गरजच वाटलेली नाही. ओळखीच्या खुणेवर विश्वास ठेवला गेला आणि लेबल वाचले गेले नाही. रक्तातील साखर इतकी उतरली की रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचीही हीच गोष्ट आहे. थेंबांच्या बाटलीत औषध सरबताच्या बाटलीपेक्षा कितीतरी दाट असते, आणि नाव मात्र दोन्हींवर एकच.

आता कवितेकडे वळता येईल. बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता मराठीच्या अभ्यासक्रमांत पुनःपुन्हा आलेली आहे. तिच्यावरील परीक्षेतील उत्तर बहुधा ठरलेले असते : बालकवी हे निसर्गकवी, आनंदाचे कवी, कवितेत निसर्गाचे मनोहारी चित्रण आले आहे, भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, प्रतिमांचा समर्पक वापर केला आहे. यांपैकी एकही विधान धडधडीत खोटे नाही. परंतु कवितेत प्रत्यक्षात काय घडते? झरा, हिरवळ, टेकडीकडचे लहानसे गाव आणि शेते यांतून एक पांढरी वाट निघते, आणि ती गावाकडे न जाता काळ्या डोहाकडे जाते. हिरव्या-निळ्या रंगांचा सारा पट एका काळ्या ठिकाणी येऊन थांबतो. तेथे औदुंबर पाण्यात पाय सोडून बसलेला आहे. शिवाय त्या काळेपणाला कवीने माधुर्याचे विशेषण दिले आहे. हे विशेषण ज्याला खटकले, त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. हा वृक्ष विरक्त आहे, उदास आहे, की केवळ वृक्ष आहे, यावर जाणकारांचे मतभेद आहेत व ते राहतील. पण ‘आनंदाचे कवी’ ही खूण पाहून लेखणी भरणाऱ्या विद्यार्थ्याला डोह दिसतच नाही. ओळखीच्या खुणेवरचा हा विश्वास इन्सुलिनच्या सिरिंजवरील विश्वासापेक्षा जातीने वेगळा नाही.

काव्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत तर सूत्राचे स्वरूप अधिकच उघड होते. भरताचे रससूत्र आणि त्यावरील लोल्लट, शंकुक, भट्टनायक व अभिनवगुप्त यांची मते विद्यार्थी क्रमाने मांडतात; ती मांडणी अनेकदा उत्तमही असते. त्याच विद्यार्थ्याला कविता दिली की तो ‘येथे करुण रस आहे, स्थायीभाव शोक’ असे लिहून थांबतो. कोणत्या शब्दामुळे, हे तो सांगत नाही. परिचारिकेने एकक न लिहिता नुसता ‘७.५’ लिहावा, तसे हे झाले.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून तेरा कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात तपासले. चांगल्या शिक्षणाचा लाभ झालेल्या त्या वाचकांपैकी अनेकांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागी तयार ठेवलेल्या प्रतिक्रिया येऊन बसल्या होत्या. मराठीच्या उत्तरपत्रिकांबाबत उलट प्रयोग करणे अधिक उद्बोधक ठरेल. उत्तरातून कवितेचे व कवीचे नाव झाकावे आणि ते कोणत्या कवितेविषयी आहे हे सहकाऱ्याला ओळखण्यास सांगावे. गाईडमधून आलेले उत्तर बहुधा कोणत्याही निसर्गकवितेला चालेल.

या दोषाचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर व गाईडच्या प्रकाशकांवर फोडणे सोयीचे असले, तरी ते न्याय्य नाही. विद्यार्थी ज्याला गुण मिळतात तेच लिहितो. दिवसाला ठरलेल्या संख्येने उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक उत्तराची लांबी, ठळक केलेले शब्द व ओळखीची विधाने पाहून गुण देतो, हे प्राध्यापकवर्गास परिचित आहे. ब्रिटनमधील परिचर्या नियामक मंडळाने २०१८ च्या मानकांत औषधमात्रेच्या हिशेबाची चाचणी शंभर टक्के गुणांनीच उत्तीर्ण व्हावी अशी अट घातली आहे. आपल्याकडे हा हिशेब सर्वसाधारणपणे मोठ्या प्रश्नपत्रिकेचा एक तुकडा असतो आणि ती निम्म्या गुणांवर उत्तीर्ण होता येते. सूत्राची पायरी बरोबर लिहिली म्हणून काही गुण मिळतात, मग दशांशचिन्ह एक घर सरकून उत्तर दहापट झाले असले तरी. दहापट मात्रेला अंशतः बरोबर म्हणणे रुग्णाच्या दृष्टीने काय आहे, याचा विचार अभ्यासमंडळांनी करावा.

साहित्याला शंभर टक्क्यांची अट लावता येणार नाही, व लावू नये. तथापि साहित्यात चुकीचे उत्तरच नसते, हा समजही सोडावा लागेल. वाट डोहाकडे जाते. ती गावाकडे जाते असे लिहिणारा चुकलेला आहे, आणि त्यावर रचलेला अर्थ कितीही सुंदर असला तरी त्याला आधार नाही. म्हणून विश्लेषणाच्या प्रश्नपत्रिकेत किमान एक अपठित कविता असावी. तिच्यावरील पहिला प्रश्न केवळ वाच्यार्थाचा असावा, आणि पुढील प्रत्येक विधानासाठी कवितेतील शब्द दाखविल्याशिवाय गुण देऊ नयेत. औषधमात्रेच्या प्रश्नपत्रिकेतही आकडे मांडून न देता लेबलाचे छायाचित्रच छापावे, त्यात गरजेचे व निरुपयोगी असे दोन्ही आकडे असावेत, आणि उत्तरासोबत ‘ही मात्रा संभवनीय वाटते का’ हे एका वाक्यात लिहावयास सांगावे. या एका वाक्याची तयारी सूत्राने होत नाही.

अपठित कवितेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दुसऱ्याच वर्षी ती कविता उत्तरासह गाईडमध्ये येते. आक्षेप खरा आहे. त्यामुळे कविता दरवर्षी नवी शोधावी लागेल, आणि तेवढे वाचन प्राश्निकाला करावे लागेल.