भयाची पोथी

आमच्या वाङ्मयसमीक्षकांची एक खोड फार जुनी आहे. ज्या ग्रंथांवर ते पानेच्या पाने लिहितात ते ग्रंथ घराघरांत वाचले जात नाहीत, आणि जे ग्रंथ घराघरांत वाचले जातात त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर लाल कापडात गुंडाळलेली लहानशी पोथी ज्या कुटुंबात नाही, असे मराठी कुटुंब शोधावे लागेल. मुलाच्या कानी कादंबरी व काव्य पडण्याच्या कितीतरी आधी ही पोथी पडते. त्याच्या मनाची पहिली घडण जिच्या ओव्यांनी होते, तिची वाङ्मय म्हणून कोणी परीक्षाच करू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. म्हणून तात्याजी महिपतीच्या नावावर चालत आलेले ‘शनिमाहात्म्य’ आम्ही आज समीक्षेस घेतले आहे.

हा विषय सुचण्यास स्थळाचेही निमित्त आहे. नंदुरबार तालुक्यात शनिमांडळ नावाचे गाव आहे. तेथील शनिमंदिरात शनिवारी, आणि विशेषेकरून शनैश्चरी अमावास्येस, दूरदूरची माणसे साडेसातीच्या निवारणार्थ येतात. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत, आणि तेथे भयाचे एक निराळेच दैवत माणसांचे बळी घेत आले आहे. सपाटीवरचे सुशिक्षित भय आणि डोंगरातले अशिक्षित भय यांचे नाते किती जवळचे आहे, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पोथीचे गुण सांगू. कथा म्हणून ‘शनिमाहात्म्य’ उत्तम आहे. उज्जयिनीच्या विक्रम राजाच्या सभेत नवग्रहांपैकी श्रेष्ठ कोण, असा वाद निघतो. एकेक पंडित एकेका ग्रहाची थोरवी गातो. शनीची पाळी येते तेव्हा त्याच्या जन्मकाळच्या दृष्टीने प्रत्यक्ष पित्यावर, सारथ्यावर आणि घोड्यांवर कसे अरिष्ट आले ते वर्णिले जाते, आणि राजा हसतो. त्याच वेळी विमानातून चाललेला शनी ते ऐकतो. पुढे अश्वाच्या सौदागराचे येणे, घोड्याने राजाला आकाशमार्गे रानात नेऊन टाकणे, तामलिंदा नगरीतला वाणी, भिंतीवरच्या चित्रातल्या हंसाने मोत्यांचा हार गिळणे, चोरीचा आळ, हातपाय तोडण्याची शिक्षा आणि अखेर तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकणे, अशी संकटांची मालिका इतक्या वेगाने येते की ऐकणाऱ्यास श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. चित्रातला निर्जीव हंस हार गिळतो, ही कल्पना तर कोणत्याही श्रेष्ठ कथाकारास शोभावी. स्वतःच्या निरपराधित्वाचा पुरावा डोळ्यांसमोर भिंतीवर असावा आणि तो कोणास सांगताही येऊ नये, याहून दारुण अवस्था कोणती?

तथापि कथेच्या गुणांनी तिच्या शिकवणीची परीक्षा चुकत नाही. राजाचा अपराध काय होता? त्याने चोरी केली नाही, कोणास छळले नाही, खोटे बोलला नाही. तो हसला, एवढेच. शिवाय शनी समोर आल्यावर त्याने क्षमाही मागितली. पण तिचा उपयोग झाला नाही. पुढे शनी आपल्या तोंडानेच आपले पराक्रम सांगतो. त्यांत त्याने स्वतःच्या गुरूसही सोडले नाही. गुरूच्या झोळीतल्या फळांची राजपुत्राची मस्तके झाली आणि बिचारा शूळाजवळ उभा राहिला. म्हणजे ज्याने अपराध केला तोही छळला जातो, आणि ज्याने विद्या दिली तोही छळला जातो. दंड आणि अपराध यांचा संबंधच येथे तुटला आहे. नीतीचे शिक्षण ज्याला म्हणतात त्याचा पाया असा असतो की, कृत्य वाईट म्हणून त्याचे फळ वाईट. ही पोथी ऐकणाऱ्या मुलाला निराळाच धडा मिळतो. बलवान सत्ता कोठेतरी वर बसली आहे. तिला केव्हा काय खुपेल याचा नेम नाही. म्हणून हसू नये, विचारू नये, आणि तिची स्तुती करीत राहावे. हा धर्माचा धडा नव्हे. लहरी सुलतानाच्या दरबारात वागण्याचा आहे.

सत्यनारायणाच्या कथेतही हाच सूर आहे. प्रसाद न घेता कलावती पतीला भेटावयास धावते आणि नौका अदृश्य होते. पतीला भेटण्याची उत्कंठा हा कोणत्या नीतिशास्त्रात अपराध गणला आहे? आमच्या घरांतील मुली शतकानुशतके ही कथा ऐकत आल्या, आणि प्रसाद टाकण्याचे भय तेवढे त्यांच्या मनात राहिले.

यावर पोथीचे अभिमानी एक आक्षेप घेतील, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतील, भयाशिवाय माणूस सुधारत नाही. मुलाला तर धाक हवाच. या आक्षेपास इतिहासाचा आधारही देता येईल. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली एक देवीची लाट घाट चढून नाशिक, डांग, सुरत आणि खानदेश या भागांत पसरली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर वृत्तांत दिला आहे. अंगात आलेल्या माणसांच्या मुखाने देवी आज्ञा करी की दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. आणि न ऐकणारावर अरिष्ट येईल. हजारो आदिवासींनी दारू सोडली, पारशी पिठेवाल्यांची दुकाने ओस पडली. भयाने चांगले घडते याला आणखी कोणता पुरावा हवा, असे कोणी विचारील.

पण त्याच वृत्तांताचा उत्तरार्ध पाहावा. अरिष्ट येत नाही असे दिसू लागल्यावर कित्येक लोक पुन्हा पिठ्याकडे वळले. जेथे दारू सुटलेली राहिली तेथे भयाहून निराळे काही कामास आले होते. सावकाराच्या व पिठेवाल्याच्या जाचातून सुटण्याची आशा, आणि आपणही ताठ मानेने जगू शकतो हा नवा आत्मविश्वास, यांनीच तो नेम टिकविला. भय दार उघडील कदाचित. पण घरात राहून संसार करणे त्याला जमत नाही. पहारेकरी झोपला की चोरी सुरू होते, हा भयमूलक नीतीचा स्वभावच आहे.

शिवाय धाक आणि भय या दोहोंत आमची भाषाच भेद करते. ज्याचा धाक वाटतो त्या पित्याजवळ मूल चूक झाल्यावर अखेर येऊन उभे राहते. ज्याचे भय वाटते त्याच्यापासून ते लपते. धाकात आदराचा अंश आहे, वचकात सत्तेचा आहे आणि धास्तीत केवळ अनिश्चितीचा आहे. शनीची पोथी मुलाला धाक शिकवीत नाही, धास्ती शिकविते. साने गुरुजींनी खानदेशात अमळनेरास शिक्षकाचे काम केले आणि पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातली पोहण्याची गोष्ट वाचकांस आठवत असेल. श्याम पाण्याला भितो, माळ्यावर लपतो, आणि आई शिंपटीने मारून त्याला विहिरीवर पाठविते. मार आमच्या मते तेथेही समर्थनीय नाही. परंतु त्या मातेचा हेतू पाहण्यासारखा आहे. आपला मुलगा भित्रा म्हणविला जाऊ नये, म्हणून ती कठोर झाली. तिची शिक्षा भय घालविण्यासाठी होती. आमच्या पोथ्यांतली शिक्षा भय रुजविण्यासाठी असते. दोन्हींस एकाच ‘शिस्त’ या नावाने संबोधणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

आता सातपुड्याकडे वळू. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द अजून जीवघेणा आहे. मूल दगावले, गुरे मेली, ताप उतरेना, की कारण शोधण्यासाठी भगताकडे धाव घेतली जाते. आणि भगत बोट दाखवितो ते अनेकदा एखाद्या एकाकी स्त्रीकडे. मग मारहाण, गावातून हाकलणे, प्रसंगी खून. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या अघोरी प्रथेविरुद्ध तेथे झटत आले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच महिन्यात राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. करणी वा जादूटोणा करते असे म्हणून एखाद्या व्यक्तीस छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

शहरातला सुशिक्षित वाचक अशी वृत्ते वाचून हळहळतो आणि मनात म्हणतो, काय हे अज्ञान! आम्ही त्यास नम्रपणे विचारतो की, त्याच्या देव्हाऱ्याजवळच्या पोथीचे व्याकरण याहून निराळे आहे काय? दुःख आले म्हणजे त्यामागे कोणाचा तरी कोप असलाच पाहिजे. त्याची खूण जाणणारा कोणी मध्यस्थ असतो. आणि त्याने सांगितलेला विधी केला म्हणजे दुःख टळते. ही तीन सूत्रे दोन्हीकडे समान आहेत. भेद एवढाच की, सपाटीवर कोपणारा आकाशात आहे, म्हणून तेलाच्या धारेवर भागते. डोंगरात कोपणारी शेजारच्या झोपडीत आहे, म्हणून तिचे रक्त सांडते. हा भेद लहान नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु बीज एकच असता एका झाडास विषवृक्ष म्हणावे व दुसऱ्यास तुळस म्हणून पाणी घालावे, हे न्यायाचे नव्हे.

डोंगरातला धर्म म्हणजे केवळ डाकीण, असेही कोणी समजू नये. तेथील लोकांची याहा मोगी ही धान्याची माता आहे. ‘याहा’ म्हणजेच आई. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतल्या देवमोगऱ्यास तिच्या दर्शनाला सातपुड्यातून हजारो माणसे टोपल्यांतून धान्य घेऊन जातात. वाघाचे भय खरे होते तेव्हा त्यांनी वाघालाही देव केले, आणि त्याच्याशी जणू सलोखा केला. भय आणि कृतज्ञता या दोन्ही वाटा एकाच समाजात शेजारी शेजारी चालतात. मुलाचा हात धरून त्याला कोणत्या वाटेने न्यावयाचे, हे मात्र वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

धर्मग्रंथांचा आधारच हवा असेल तर तोही निर्भयतेच्या बाजूने आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. तैत्तिरीय उपनिषदात परब्रह्माच्या भयाने वारा वाहतो असे म्हटले आहे हे खरे. पण ब्रह्माचा आनंद जाणणारा कशालाही भीत नाही, असेही तेथेच सांगितले आहे. यमाच्या दारी जाऊन प्रश्न विचारणारा नचिकेता बालकच होता, आणि त्याच्या प्रश्नांवर यम रागावला नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडनच्या व्याख्यानात धर्माचे मूळ मुख्यतः भयात आहे असे प्रतिपादिले. आम्हांस ते विधान अपुरे वाटते, कारण त्यात याहा मोगीला आणि नचिकेत्याला जागा नाही. परंतु ‘शनिमाहात्म्या’पुरते त्याचे खंडन करणे कठीण आहे.

कठीण, पण अशक्य नव्हे. आणि येथेच पोथीचा खरा मर्मबंध आहे. साडेसात वर्षे संपतात. घाण्यावर बसलेला राजा दीपराग गातो आणि नगरातले दिवे लागतात. शनी प्रसन्न होतो व वर मागण्यास सांगतो. हातपाय तुटलेला तो राजा काय मागतो? मला छळलेस तसे दुसऱ्या कोणास छळू नकोस. या एका मागणीने विक्रम देवाहून मोठा ठरतो. ज्याने भय भोगले तोच इतरांना त्यातून सोडवू पाहतो. कथेचा कळस हा आहे. आमच्या घरांतून मात्र कळस सोडून पायरीची पूजा चालली आहे. शनीच्या दृष्टीचे वर्णन मुलांस पाठ असते, फलश्रुती पाठ असते, आणि राजाची मागणी कोणाच्या ध्यानीही राहत नाही. तात्याजी महिपतीवर याहून मोठा अन्याय त्याच्या टीकाकारांनीही केला नसेल.

मग पोथी जाळावी काय? मुळीच नाही. ती वाचावी, पण पुरी वाचावी. आणि विक्रम हसतो तेथे मुलालाही हसू द्यावे. त्याने विचारले की राजाची चूक काय, तर त्याला गप्प न बसविता आपणही तो प्रश्न क्षणभर मनात धरावा. त्याला थोडे गणितही शिकवावे. शनीला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून बारांपैकी एका राशीत तो अदमासे अडीच वर्षे असतो, आणि तीन राशी मिळून साडेसात वर्षे होतात. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांतल्या तीन राशींना, अर्थात राशी सारख्या वाटल्या आहेत असे धरल्यास चौथा हिस्सा मानवजातीला, साडेसाती चालूच असते. इतक्या माणसांवर एकाच वेळी कोपणाऱ्या देवाचे भय बाळगावे की आपल्या शेजाऱ्याशी समदुःखी व्हावे, हे मूलच सांगू शकेल. सातपुड्याच्या स्वच्छ रात्री लहानशा दुर्बिणीतूनही त्या ग्रहाभोवतीचे कडे दिसते. ते कडे आहे हे ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ साली प्रथम सांगितले. ज्याने ते एकदा पाहिले त्याच्या मनात विस्मय राहील. धास्ती राहणार नाही.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता हा सोळा वर्षांचाही न झालेला मुलगा तिरंगा हातात घेऊन पोलिसांच्या बंदुकीपुढे उभा राहिला आणि गोळी लागून पडला. त्या नगरीत त्याचे स्मारक आहे, आणि शाळकरी मुलांना ते अभिमानाने दाखविले जाते. दिवसा मुलाला त्या स्मारकापाशी उभे करावयाचे आणि रात्री हसलास तर शनी पाहील म्हणून दटावावयाचे, या दोन शिकवणी एका घरात नांदणार नाहीत. त्यांपैकी कोणती ठेवावयाची, हे प्रत्येक मातापित्याने ठरवावे.