हादग्याची गाणी : विधी, खेळ आणि आशय

महाराष्ट्रातील सणोत्सवांचे विवेचन करणारे ग्रंथ चाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. तिथी, नक्षत्र, व्रतकथा, पूजेचा विधी आणि दैवताचे मूळ यांची चिकित्सा विस्ताराने केलेली असते. त्या सणाच्या निमित्ताने स्त्रिया जी गाणी म्हणतात ती मात्र प्रकरणाच्या शेवटी नमुन्यादाखल येतात. मंगळागौर, नागपंचमी, हादगा, भुलाबाई या सर्वांच्याच वाट्याला हा प्रकार थोडाफार आला आहे. हादग्याच्या गाण्यांवर तर त्यामुळे विशेष अन्याय झाला. कारण या उत्सवात पूजा अल्प आणि गाणेच मुख्य आहे. गाणे वजा केले तर पाटावरचा हत्ती आणि खिरापत यांपलीकडे हादग्यात फारसे काही उरत नाही.

उत्सवाचे स्थूल स्वरूप सुपरिचित आहे. सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशापासून, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून, दक्षिण महाराष्ट्रात सोळा दिवस हादगा खेळला जातो. पुणे आणि कोकण या भागांत तोच खेळ आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत भोंडला या नावाने चालतो. विदर्भात व खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाई अथवा गुलाबाई बसते. पाटावर हत्ती मांडून किंवा रेखून मुली त्याच्याभोवती हात धरून फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखतात. हादग्यात दिवसागणिक खिरापतींची संख्या एकेकाने वाढवीत नेण्याची रूढीही आढळते.

या गाण्यांकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आजवरच्या लेखनात दिसतात. त्यांपैकी पहिली विधिनिष्ठ होय. हस्ताचा पाऊस रब्बीच्या पेरणीला उपकारक असतो. हत्ती हे मेघाचे आणि समृद्धीचे जुने प्रतीक आहे. गजलक्ष्मीच्या शिल्पात हत्ती देवीवर जलाभिषेक करतात. सबब हादगा हा मूळचा पर्जन्याचा आणि सुफलतेचा विधी असावा, अशी ही उपपत्ती आहे. उत्सवाचा काळ आणि त्याचे प्रतीक यांचा उलगडा तिने समाधानकारक होतो, यात शंका नाही. परंतु गाण्यांच्या आशयाशी ती येऊन भिडली की तिचे बळ सरते. गणेशाला उद्देशून म्हटलेले आरंभीचे गीत आणि आणखी थोडी गीते सोडली, तर या गाण्यांत पाऊस नाही, पीक नाही आणि हत्तीही क्वचितच आहे. त्यांत आहे ती सासू, नणंद, दीर, भावजय, चूल, जाते, दागिने, फराळाचे जिन्नस आणि माहेरी नेण्यासाठी येणारा किंवा न येणारा भाऊ. विधीने गाण्याला निमित्त पुरविले. त्याचा विषय काही पुरविला नाही.

दुसरी दृष्टी भावनिष्ठ म्हणता येईल. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात् स्त्रीगीते’ या ग्रंथांनी स्त्रियांच्या मौखिक रचनेकडे सुशिक्षित वाचकाचे लक्ष वेधले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. वेदांना लावले जाणारे विशेषण स्त्रीगीतांना लावून कमलाबाईंनी केवळ शब्दचमत्कृती साधलेली नाही. या रचनेचा कर्ता पुरुष नव्हे आणि कोणी एक व्यक्तीही नव्हे, हे दोन्ही अर्थ त्या शीर्षकात सामावलेले आहेत. पण या ग्रंथांनी जागविलेल्या जिव्हाळ्यातून पुढे एक सैल समजूत रूढ झाली. स्त्रीगीत म्हणजे सासुरवाशिणीच्या दुःखाचा उद्गार, असे एकच सूत्र जात्यावरच्या ओवीला आणि फेराच्या गाण्याला सरसकट लावले जाऊ लागले. वस्तुतः हे दोन प्रकार जातीनेच भिन्न आहेत.

ओवी पहाटे, जात्याच्या खुंट्याला हात लावून, एकटी किंवा फार तर दोघी बायका म्हणतात. म्हणणारी बहुधा विवाहित असते. ओवी स्वयंपूर्ण असल्यामुळे ती तिथल्या तिथे जुळविता येते, बदलता येते आणि तिच्यात आपल्या भावाचे, लेकराचे, गावाचे नाव गुंफता येते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या पाहिल्या म्हणजे या प्रकाराची वैयक्तिकता किती खोल आहे हे कळून येते. फेराचे गाणे याच्या अगदी उलट. ते सायंकाळी, अंगणात, अनेक कंठांतून, पावलांच्या ठेक्यावर उमटते. त्यात पालुपद असते, ठरलेली साखळी असते आणि एकीने मध्येच स्वतःचे काही घातले तर फेर चुकतो. ओवीत अनुभव बोलतो असे मानण्यास आधार आहे. फेराच्या गाण्यात मात्र एक भूमिका खेळली जाते.

ही भूमिका कोण खेळते, हा प्रश्न विचारला म्हणजे भावनिष्ठ दृष्टीची मुख्य अडचण समोर येते. हादगा हा प्राधान्याने परकऱ्या मुलींचा खेळ. माहेरी आलेली नवविवाहिता त्यात सामील होई. पण फेर भरे तो अविवाहित मुलींनी. ज्यांनी सासर पाहिलेलेच नाही अशा मुली सासुरवासाची गाणी गात असत. तेव्हा या गीतांना अनुभवाचा उद्गार म्हणता येत नाही. तसेच त्यांना मनात साठलेल्या दुःखाला वाट करून देणारे साधन म्हणणेही सयुक्तिक नाही. कारण गाणारीच्या मनात ते दुःख अजून साठलेलेच नसते.

येथे विवाहवयाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने जी मर्यादा घातली ती बारा वर्षांची होती, आणि तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. 1929 च्या कायद्याने मुलीचे किमान विवाहवय चौदा ठरविले; ते अठरावर आले 1978 मध्ये. म्हणजे ज्या काळात ही गाणी अंगणोअंगणी घुमत होती त्या काळात फेर धरणारी आठ-दहा वर्षांची मुलगी आणि गाण्यातील सून यांच्यात वर्षा-दोन वर्षांचेच अंतर असे. पुढच्या हादग्याला आपण याच अंगणात असू की नाही, याची तिला खात्री नसे. गाणे तिच्या भूतकाळाविषयी नव्हते. ते तिच्या अगदी निकटच्या भविष्याविषयी होते.

या जाणिवेने कारल्याच्या वेलाचे प्रसिद्ध गीत वाचले तर त्याची रचना नव्याने उलगडते. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू नकार देत नाही. ती कारल्याचे बी पेरायला सांगते. बी पेरले तर ते उगवू दे, उगवले तर वेल वाढू दे, मग फूल, मग फळ, मग भाजी, मग जेवण, मग उष्टी-खरकटी, अशी एकेक अट पुढे येते. प्रत्येक उत्तरात पुढची अट दडलेली आहे. वनस्पतीच्या वाढीचा संथ काळ हाच सुनेच्या प्रतीक्षेचा काळ होतो, आणि कारल्याचा कडवटपणा कोणी बोलून न दाखविता साऱ्या गाण्यात उतरतो. ही साखळी फेराच्या गतीला सोयीची म्हणून आली असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण त्या सोयीतून एक शिकवणही साधली जाते. परक्या घरात ‘नाही’ हा शब्द उच्चारला जात नाही, तो ‘नंतर’ या रूपाने येतो, हे मुलीला कोणी उपदेश करून सांगत नाही. ती ते पावलांनी शिकते.

वेड्या नवऱ्याचे गीत याहून अवघड आहे. बायको करंज्या करते, तो त्यांच्या होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू करते, तो त्यांचे चेंडू करतो. प्रत्येक कडव्यात तोच साचा, तेच पालुपद आणि तेच हसू. शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते. तो ती मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो. चाल बदलत नाही, ठेका बदलत नाही, हसूही थांबत नाही. नवऱ्याची टवाळी एवढाच या गीताचा अर्थ मानणे म्हणजे पहिल्या कडव्यांवर थांबणे होय. प्रत्येक कडव्यात वाया जातात ते बायकोचे श्रम, आणि अखेर त्या जिन्नसांच्या यादीत तिचीच भर पडते. करंजी, लाडू आणि बायको ही एकाच मापाने मोजली जातात, हे गीत कुठेही शब्दांत सांगत नाही. त्याच्या रचनेतच ते आहे. रुसलेल्या सुनेच्या गीतातही असाच प्रकार आढळतो. घरातील एकेक माणूस देणगीचे आमिष घेऊन समजूत घालायला जाते, ती कोणालाच दाद देत नाही. आणि प्रचलित पाठांपैकी काहींत अखेर नवऱ्याच्या हातातील चाबूक पाहून ती घरी येते, तर काहींत मंगळसूत्राच्या नावाने. हे दोन शेवट एकाच जागी येऊ शकतात, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तिसरी दृष्टी अलीकडची, स्त्रीवादी आहे. तारा भवाळकर यांच्या ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ सारख्या लेखनाने स्त्रियांच्या मौखिक परंपरेत केवळ सोसणे नसून प्रश्न विचारणेही आहे, हे ठामपणे दाखवून दिले. या प्रतिपादनामुळे दयेच्या दृष्टीने होणारे वाचन मागे पडले, हा मोठाच लाभ. तथापि हादग्याच्या गाण्यांना सरळ बंडाची गाणी म्हणता येईल काय, हे तपासले पाहिजे. त्यांत सासूला, नणंदेला, नवऱ्याला नावे ठेवण्याची मुभा आहे. पण ती फेरापुरती आणि सोळा दिवसांपुरती. सून बहुतेक गीतांत परत येते, थांबते किंवा जळते. घराबाहेरची वाट ती धरीत नाही. शिवाय बंड करण्यासाठी जे ओझे अंगावर असावे लागते ते गाणारीच्या अंगावर अद्याप आलेले नसते, ही मघाची अडचण या दृष्टीलाही चुकत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, गाणाऱ्या मुली अननुभवी असल्या तरी गीते रचणाऱ्या आणि शिकविणाऱ्या बायका तशा नव्हत्या. आक्षेप रास्त आहे. किंबहुना या गीतांच्या अर्थाची किल्ली त्यातच आहे. फेराबाहेर ओसरीवर बसून चुकलेले कडवे सुचविणारी आई किंवा आजी सासर भोगून आलेली असते. आपल्या लेकीला आपणच तशाच घरी पाठविणार आहोत, हे तिला ठाऊक असते. ते टाळणे तिच्या हाती नसते, आणि ते उघड बोलणे तिला शोभत नाही असे समाज मानतो. अशा वेळी जे सांगता येत नाही ते खेळाच्या रूपाने लेकीच्या हवाली केले जाते. जाणतीची रचना आणि अजाणतीचा कंठ यांचा हा संयोग आहे. त्यामुळेच या गीतांत भय आणि हसू यांची फारकत करता येत नाही: भय शिकविणारीचे आहे, हसू गाणारीचे. ओवीत हे दोन्ही कंठ एकच असतात. म्हणून ओवी करुण होऊ शकते, हादग्याचे गाणे तसे होत नाही. खिरापत ओळखण्याचा खेळही या संदर्भात निव्वळ करमणुकीचा वाटत नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात झाकणाखाली काय आहे याचा अदमास बांधणे, हा त्या वयातील मुलीच्या दृष्टीने पुढील आयुष्याचाच एक लहान नमुना होता.

भुलाबाईच्या गाण्यांशी तुलना केल्यास हे अनुमान अधिक पक्के होते. तेथे भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, यांच्या मातीच्या मूर्ती मांडल्या जातात आणि महिनाभर ती देवी माहेरपणाला आली असे मानले जाते. तिचे डोहाळे, तिचे बाळंतपण हे गाण्यांचे विषय होतात. सुनेच्या जागी साक्षात देवी आल्यामुळे तिच्या माहेरपणाला एक हक्काचे स्थान लाभते. हादग्यात देवीचे हे आवरण नाही. तेथील सून निनावी आहे, आणि म्हणून ती फेरातील कोणतीही मुलगी असू शकते.

आज हा उत्सव महिला मंडळे, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळे यांच्या आश्रयाने टिकून आहे. गाणी छापील पुस्तिकांतून म्हटली जातात, आणि फेरात मुलींइतक्याच, कित्येकदा त्यांच्याहून अधिक, प्रौढ स्त्रिया असतात. शब्द पुष्कळसे तेच राहिले; पण गाणारीचे वय आणि गाण्यातील सुनेचे वय यांचे नाते उलटले. पूर्वी जे भाकीत होते ते आता पणजीच्या काळाचे स्मरण झाले आहे. त्याबरोबर एक मोहही येतो: जळलेली बायको किंवा चाबूक असलेले कडवे गाळून गाणे निर्मळ करावे. असे केल्याने गाणे सुसह्य होईल, परंतु ज्यासाठी ते रचले गेले तो इशाराच त्यातून नाहीसा होईल. लहान मुलींपुढे ते कसे मांडावे हा शिक्षकांचा प्रश्न आहे, आणि तो खराही आहे. अभ्यासकाने मात्र मूळ पाठाला हात लावता कामा नये.

संकलनाच्या पद्धतीविषयीही यातून काही निष्पन्न होते. गीत कोणी म्हटले, तिचे वय काय, ती विवाहित होती की नाही, ते तिला कोणाकडून मिळाले, फेरात ते कितव्या क्रमाने आले, कोणत्या कडव्यावर मुली हसल्या, या नोंदी जुन्या संग्रहांत सहसा आढळत नाहीत. भिन्न पाठ एकत्र करून एक ‘चांगला’ पाठ सिद्ध करण्याकडेच पुष्कळदा कल राहिला. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (1956) या ग्रंथाने लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाची दिशा मराठीत आखून दिली. तिचा अवलंब हादग्याच्या बाबतीत अद्याप पुरता झालेला नाही. एकाच गावातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांकडून एकच गीत नोंदवून घेण्याचे काम आजही शक्य आहे, परंतु चौदाव्या वर्षाच्या आत सासरी गेलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी ते हाती घ्यावयाचे तर विलंब परवडणारा नाही.