माउलीची उपमा आणि एक निकालपत्र

निकालपत्रास साहित्य म्हणावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. वकिलांस त्यांतील निर्णय तेवढा हवा असतो. साहित्यिकांस त्याचें नांव ऐकूनच जांभई येते. तथापि ज्या लेखनानें माणसाचें स्वातंत्र्य जातें किंवा राहतें, त्यांतील शब्दयोजना रसिकानें तपासूं नये असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल १९७६ रोजीं जबलपूरच्या प्रकरणांत दिलेलें निकालपत्र आम्ही परीक्षणास घेतलें आहे.

प्रश्न साधा होता. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि राष्ट्रपतींच्या आदेशानें जीवित व स्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठीं न्यायालयांत जाण्याचा हक्क तहकूब झाला. 'मिसा'खालीं स्थानबद्ध केलेल्या माणसानें, आपणांस आकसानें किंवा नामसादृश्यामुळें चुकून पकडलें असें म्हटलें, तर तें ऐकून घ्यावयाचें कीं नाहीं? नऊ उच्च न्यायालयांनीं दार किलकिलें ठेविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं तें लाविलें.

आमचें लक्ष आहे तें दार लावतांना वापरलेल्या अलंकारांकडे. न्यायमूर्ति बेग यांनीं असा आशय लिहिला कीं, स्थानबद्धांस राहावयास, खावयास चांगलें मिळतें, आणि सरकार त्यांची जी काळजी घेतें ती जवळजवळ मातेसारखी आहे. हा दृष्टांत वाचतांना आम्हांस बीड जिल्ह्यांतील नारायणगड आठवला. त्या गडास लोक धाकटी पंढरी म्हणतात. तेथें कीर्तनास बसणारा शेतकरी आमच्या विद्यार्थ्यांहून कठोर टीकाकार असतो. दृष्टांत लंगडा पडला कीं त्याच्या टाळीवरूनच तें बुवांस कळतें. विठ्ठलास 'माउली' म्हणण्याचा अधिकार लेंकराचा आहे, हें त्यास सांगावें लागत नाहीं. लेंकरूं हांक मारतें म्हणून ती माउली. तुरुंगाच्या कुलपानें स्वतःस माउली म्हणवून घ्यावें, आणि आंतल्या माणसास तर बोलण्याचीच बंदी असावी, ही उपमा गडावर एक क्षणही टिकली नसती. उपमेय मुकें करून दिलेली उपमा ही अलंकारशास्त्रांतील चूक आहेच. येथें ती माणसांच्या अंगावर आली.

दुसरा अलंकार पुण्याच्या न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांचा. स्थानबद्धांस मारहाण, उपासमार होईल या भीतीवर त्यांनीं उत्तर दिलें तें आशेचें; आणि त्या आशेस हिऱ्याचें तेज व हिऱ्याचें काठिण्य दिलें. वाक्य सुंदर आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आशा हा कवीचा माल. न्यायाधीशाजवळ मागणाऱ्यास हुकूम हवा असतो.

न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांच्या भिन्नमतांत असा दागिना शोधावा लागतो. सुनावणींत त्यांनीं ॲटर्नी-जनरल निरेन डे यांस विचारलें होतें कीं, एखाद्या पोलिसानें वैयक्तिक वैरापोटीं कोणाचा जीव घेतला, तर दाद कोठें मागावी? आणीबाणी आहे तोंवर कोठेंही नाहीं, असेंच उत्तर आलें. उपमा नाहीं, उत्प्रेक्षा नाहीं. पण सगळें प्रकरण त्या एका प्रश्नांत मावलें. जानेवारी १९७७ मध्यें खन्नांस डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनीं राजीनामा दिला.

संकटकाळीं सरकारच्या हातीं जादा अधिकार नकोतच, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु महाराष्ट्रास हा अनुभव नवा नव्हता. १८९७ सालीं प्लेगच्या धामधुमींत रँडचा खून झाला आणि पुण्याच्या नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं खटल्यावांचून अटकेंत टाकण्यांत आलें. आरोपपत्र नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, त्यामुळें निर्दोष सुटण्याचीही सोय नाहीं. परक्या सरकारचें तें हत्यार स्वकीयांनीं नवी मूठ बसवून ठेवून घेतलें, हें आम्हांस अधिक झोंबतें.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें जीवित व स्वातंत्र्य यांचा हक्क आणीबाणींतही तहकूब होऊं नये असें ठरलें. २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें जबलपूरचा निकाल चुकीचा ठरविला. त्यांतील मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. पुत्रानें पित्याचें लेखन खोडलें, आणि तें आदरानें पण आडपडदा न ठेवतां खोडलें. या गोष्टीचें कौतुक वर्तमानपत्रांनीं पोटभर केलें. आम्ही त्यांत भर घालीत नाहीं.

एका कलमाची मात्र आठवण कोणी काढीत नाहीं. आणीबाणी नसतांनाही स्थानबद्धता चालतेच. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा १९८१ चा कायदा आहे, आणि त्यांखालीं जिल्हादंडाधिकाऱ्याची सही पुरते. सल्लागार मंडळासमोर वकील नेण्याचा हक्क स्थानबद्धास घटनेनें दिलेला नाहीं. मंडळाच्या मताविना तीन महिने कोंडतां येतें. त्याचे दोन महिने करावे आणि मंडळाच्या रचनेंत उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाचा शब्द चालावा, असें त्याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमांत संसदेनें मंजूर केलें आहे. तें अमलांत येण्याची तारीख सरकारनें जाहीर करावयाची होती. ती अद्याप जाहीर झालेली नाहीं.