चित्रपटरसिकाचे वाचन : निबंध, आत्मचरित्र आणि इतिहास

चित्रपट ही पाहण्याची कला आहे, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की चित्रपटाविषयीच्या वाचनाचा स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तथापि भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा विचार करू लागताच एक अडचण उभी राहते. मूकपटांच्या काळात आपल्याकडे किती चित्रपट झाले याचे आकडे अभ्यासकांगणिक बदलतात; परंतु ती संख्या बाराशेपेक्षा कमी कोणीच धरत नाही. त्यांपैकी आज पाहता येतात ते हाताच्या बोटांच्या काही पटींतच मोजावे लागतील. अशा स्थितीत रसिकाला चित्रपट पाहण्याआधी, आणि कित्येकदा पाहण्याऐवजी, वाचावाच लागतो. मग प्रश्न उरतो तो असा : जे वाचले त्यावर विश्वास किती आणि कोणत्या बाबतीत ठेवावा? अलीकडे पुन्हा वाचलेल्या काही ग्रंथांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रपटविषयक लेखनाचे तीन ठळक प्रकार येथे विचारात घेतले आहेत : निबंध, आत्मचरित्र वा चरित्र, आणि इतिहास. या तिघांचे पुरावे निराळे आहेत. निबंधकार पडद्यावर दिसते त्याची साक्ष काढतो, आत्मचरित्रकार स्मरणाची, आणि इतिहासकार कागदपत्रांची. वाचकाची फसगत होते ती एका प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराचे काम करवून घेतले जाते तेव्हा.

निबंध : कैफियत आणि रसग्रहण

मराठीतील चित्रपटविषयक निबंधाची सुरुवात खुद्द दादासाहेब फाळके यांच्यापासून करावी लागते. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेखमाला लिहिली. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना राम-कृष्णांची चरित्रे पडद्यावर आणण्याची प्रेरणा कशी झाली, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी छोटी फिल्म दाखवून भांडवल कसे मिळवले, स्त्री-भूमिकेसाठी स्त्रिया न मिळाल्याने साळुंके या तरुणाला तारामती कशी करावी लागली, या कथा आज शालेय पुस्तकापासून ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या परेश मोकाशींच्या चित्रपटापर्यंत सर्वत्र आढळतात. त्यांतील बराच भाग मुळात फाळक्यांनी स्वतः सांगितलेला आहे, याचे भान मात्र क्वचितच ठेवले जाते.

येथे लेखमालेचा काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. लेखमाला त्यानंतर चार वर्षांनी लिहिली गेली. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती, फाळके भांडवलाच्या शोधात होते आणि लवकरच भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहणार होती. म्हणजे ही केवळ आठवण नव्हे. स्वदेशी धंद्याला पैसा पुरवा असे समाजाला आवाहन करणारी ती कैफियतही आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. परंतु कैफियतीत काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड हेतुपूर्वक केलेली असते. एका माणसाच्या त्यागातून उद्योग जन्माला आला, ही कथा गुंतवणूकदाराला हलवणारी असते. त्याच काळात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ (१९१२) पडद्यावर येऊन गेला होता, परदेशी कंपन्यांचे चित्रपट शहरांत नियमित दाखवले जात होते आणि चित्रपट पाहणारा वर्ग तयार झालेला होता, ही पार्श्वभूमी त्या कथेत मागे पडते.

निबंधाचे दुसरे टोक अरुण खोपकर यांच्या ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या पुस्तकात दिसते. चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट ग्रंथासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले हे पुस्तक ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९) आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) या तीन चित्रपटांचा एकत्र विचार करते. त्यापूर्वीचे मराठी चित्रपटपरीक्षण बहुतांशी कथानक, अभिनय आणि संगीत यांच्यापुरते सीमित होते. खोपकरांनी प्रकाश, छाया, कॅमेऱ्याची हालचाल, समीपदृश्य यांना अर्थाचे वाहक मानले, आणि त्यासाठी लागणारी मराठी भाषाही घडवली. या पुस्तकातील विधाने वाचकाला पडताळून पाहता येतात. चित्रपट लावावा आणि ते दृश्य पाहावे. निबंधाचे खरे बळ हेच आहे. ‘कागज के फूल’मधील रिकाम्या स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांवरून सूर्यप्रकाश आत वळवून साधला, ही माहिती आपल्याला अन्य ठिकाणी मिळते. पण तो झोत त्या दृश्यात काय करतो, हे सांगण्याचे काम निबंधाचेच आहे.

आत्मचरित्र : दोन अभिनेत्री, दोन समाज

आत्मचरित्राच्या संदर्भात दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत : हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आणि दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२). दोघींनीही ‘प्रभात’च्या चित्रपटांत कामे केली. दोघींचे चित्रपटात येण्याचे तात्कालिक कारणही एकच होते : घरातील पैसा संपला होता. या साम्यापुढे मात्र त्यांचे मार्ग भिन्न होतात.

दुर्गाबाई सुशिक्षित, प्रतिष्ठित लाड घराण्यातील कन्या आणि श्रीमंत खोटे घराण्याची सून. सासरची संपत्ती गेल्यावर दोन मुलांच्या पालनपोषणासाठी त्यांनी काम स्वीकारले. ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटातील छोट्या भूमिकेच्या जाहिरातीत त्यांच्या दोन्ही घराण्यांच्या नावांचा वापर झाला आणि समाजात गहजब उडाला. पुढे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील तारामतीने तीच कुलीनता प्रतिष्ठेत रूपांतरित केली. ज्या भूमिकेसाठी १९१३ मध्ये पुरुष उभा करावा लागला, ती एकोणीस वर्षांनी एका कुलीन पदवीधर वर्गातील स्त्रीने केली, हा क्रम इतिहासकारांना मोहवणारा आहे. ‘चित्रपट सभ्य झाला’ या कथेचा तो कळसाध्याय ठरतो.

हंसाबाईंचे पुस्तक हीच कथा उलट बाजूने सांगते. रतन साळगावकर हे त्यांचे मूळ नाव. कलावंतीणींची परंपरा असलेल्या घरातून त्या आल्या. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) पासून लहान वयातच त्या कमावू लागल्या आणि त्यांच्या मिळकतीवर घर चालू लागले. ‘संत सखू’ (१९४१) मधील सोशिक भक्त स्त्री, ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मधील तमासगीर आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ही अनंत माने यांची दीर्घकाळ चाललेली तमाशाप्रधान कलाकृती, असा त्यांचा पडद्यावरील प्रवास. पडद्याबाहेर लादलेले गर्भपात, मद्य, आणि मराठवाड्यातील एका गावी परपुरुषाच्या घरात कोंडून काढलेली वर्षे. हे सर्व त्या आत्मसमर्थनाचा फारसा आव न आणता सांगतात. प्रतिष्ठा मिळवण्याची धडपड दोन्ही पुस्तकांत आहे. पण दुर्गाबाईंकडे ती पणाला लावण्यासाठी आधीपासून होती, हंसाबाईंना मात्र ती विवाहातून मिळवायची होती आणि तोच विवाह त्यांच्या मिळकतीवर अवलंबून राहिला. चित्रपट ‘सभ्य’ झाल्याने कोणाचा लाभ झाला, हा प्रश्न ही दोन पुस्तके एकत्र वाचल्याखेरीज नीट उभाच राहत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘सांगत्ये ऐका’ हे हंसाबाईंनी सांगितलेले आणि अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलेले कथन असून ते आधी ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाले. त्यातील तुटक, बोलका बाज बाईंचा किती आणि लेखनिकाच्या संपादनाचा किती, हे ठरवणे सोपे नाही. पुढे श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटाने त्या कथनाला आणखी एक आकार दिला. स्मिता पाटील यांच्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनयामुळे अनेकांच्या मनातील हंसा वाडकर म्हणजे ‘भूमिका’तील उषाच होय. चित्रपट श्रेष्ठ आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की उषा एक शोध घेणारी व्यक्तिरेखा आहे. पुस्तकातील बाई शोध घेण्याआधी हिशेब मांडते. कोणी किती पैसे घेतले, कोणी कोणते वचन मोडले, याची ती नोंद आहे. चित्रपट पाहून पुस्तक वाचले असे समजणाऱ्याच्या हातून नेमका हा हिशेब निसटतो.

इतिहास : कागद आणि राख

एरिक बार्नो आणि एस. कृष्णस्वामी यांचा ‘इंडियन फिल्म’ (१९६३) हा ग्रंथ साठ वर्षांनंतरही वाचनीय वाटतो, याचे कारण तो चित्रपटाकडे उद्योग म्हणून पाहतो. सेन्सॉर, करमणूक कर, ध्वनीच्या आगमनानंतर भाषांनुसार झालेली बाजारपेठेची विभागणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काळा पैसा, त्यातून स्वतंत्र निर्मात्यांची आणि ताऱ्यांची वाढलेली सत्ता व पगारी पद्धतीने चालणाऱ्या स्टुडिओंचा ऱ्हास, ही साखळी त्यात स्पष्ट होते. ‘प्रभात’चा अस्त आपल्याकडे भागीदारांच्या मतभेदांची कथा म्हणून सांगितला जातो. व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले हे खरेच; परंतु त्याच सुमारास देशभरातील अन्य स्टुडिओही त्याच वाटेने गेले, हे इतिहास वाचल्यावर कळते. व्यक्तींच्या स्वभावांनी घटनेची वेळ ठरवली असेल, दिशा मात्र अर्थव्यवहाराने ठरवली.

इतिहासालाही आपली मर्यादा आहे : तो उरलेल्या साधनांवरच लिहिता येतो. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचा बहुतांश नष्ट झाला होता. पी. के. नायर यांनी पुढील काळात फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवले नसते, तर ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज आपल्याला केवळ नावाने माहीत असता. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे उपलब्ध आहेत ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठारास लागलेल्या आगीत ‘प्रभात’सह अनेक संस्थांची जुनी रिळे भस्मसात झाली. ज्या गावात मराठी चित्रपट वयात आला, त्याच गावी त्याची मूळ साधने जळावीत, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकालाही अस्वस्थ करणारी आहे. एखाद्या संतकवीची पोथी जळाली असती तर आपण तिचा शोक पिढ्यान्‌पिढ्या केला असता.

साक्षींचा परस्परविरोध

तीन प्रकारांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा काय करावे, याचे उत्तम उदाहरण ‘साहिब बीबी और गुलाम’चे आहे. श्रेयनामावलीनुसार त्याचे दिग्दर्शक अबरार अल्वी आहेत आणि दिग्दर्शनाचा फिल्मफेअर पुरस्कारही त्यांनाच मिळाला. तरीही चित्रपटाच्या शैलीवरून तो गुरू दत्त यांचाच, असे मानणारा मोठा वर्ग आहे. सत्या सरन यांनी शब्दांकित केलेल्या अल्वींच्या आठवणींत (२००८) दिग्दर्शन आपले आणि गाण्यांचे चित्रीकरण गुरू दत्त यांचे, अशी भूमिका आहे. येथे कागद, स्मरण आणि पडदा अशा तीन साक्षी आहेत आणि एकीने दुसरीला खोटे पाडण्याची गरज नाही. ‘या चित्रपटाची दृष्टी “कागज के फूल”च्या दृष्टीशी नाते सांगते’ हे निबंधाचे विधान पडद्यावर सिद्ध होते. ‘म्हणून तो गुरू दत्त यांनीच दिग्दर्शित केला’ हे विधान मात्र पडद्यावरून सिद्ध होत नाही. कारण निर्माता, प्रमुख नट, छायालेखक आणि लेखक यांचा एकच संच असलेल्या संस्थेत दृष्टी सामायिक असू शकते.

अशीच गल्लत ‘कागज के फूल’बाबत होते. १९६४ मधील गुरू दत्त यांच्या अकाली मृत्यूच्या प्रकाशात तो चित्रपट भविष्यवाणीसारखा वाचला जातो. नसरीन मुन्नी कबीर यांच्या चरित्राने (१९९६) आणि साध्या कालानुक्रमाने या वाचनाला आळा बसतो. ‘कागज के फूल’ अपयशी ठरल्यावर त्यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावले नाही. परंतु पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेचा ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) अत्यंत यशस्वी ठरला आणि ते निर्माता व नट म्हणून कार्यरत राहिले. शोकांतिका ही कलाकृतीची रचना असते. ती आयुष्यावर मागाहून बसवली की आयुष्यही खोटे होते आणि कलाकृतीही लहान होते.

समारोप

या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. आरंभकाळातील चित्रपटांविषयी आपण ज्या कथा सत्य म्हणून शिकवतो त्यांतील अनेक स्वकथने आहेत. ती कोणत्या प्रसंगी आणि कोणाला उद्देशून सांगितली हे विद्यार्थ्यांना सांगणे हे अध्यापनाचे अंग मानले पाहिजे. आत्मचरित्रे एकेकटी न वाचता जोडीने वाचली तर त्यांतील सामाजिक सत्य अधिक उजेडात येते. आणि जेथे चित्रपटच नष्ट झाला आहे तेथे ग्रंथाने त्याची जागा घेतली, तरी ती जागा रिकामी आहे हे विसरता कामा नये.

महाविद्यालयीन स्तरावर मराठी विभाग आत्मचरित्र शिकवतो, इतिहास विभाग साधनचिकित्सा शिकवतो आणि चित्रपट बहुधा चित्रपट मंडळाच्या संध्याकाळपुरता उरतो. ‘अयोध्येचा राजा’, ‘मी, दुर्गा खोटे’ आणि बार्नो-कृष्णस्वामींचे स्टुडिओपर्वावरील विवेचन एकाच सत्रात, एकाच वर्गात आणणे अशक्य नाही. त्यासाठी नवा विभाग लागत नाही. दोन प्राध्यापकांनी वेळापत्रकातील एक तास वाटून घेतला तरी पुरे. पडद्यावरची तारामती, ती साकारताना घरचा खर्च मनात असलेली स्त्री आणि तिला वेतन देणारी संस्था यांना एकत्र पाहणारा विद्यार्थी पुढे कोणतीही दंतकथा सहजासहजी स्वीकारणार नाही.