डॉ. कोटणीस, मराठवाड्यातून पाहताना

युद्धपटात शौर्य कुठे शोधायचं, याचं उत्तर व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनिस की अमर कहानी’च्या सुरुवातीलाच देऊन टाकलं आहे. सोलापूरच्या एका मध्यमवर्गीय घरात शिकून डॉक्टर झालेला मुलगा येतो आणि सांगतो, मी चीनला चाललो आहे. तिथं जपानी आक्रमण सुरू आहे, जखमींना डॉक्टर हवे आहेत. अजून एकही गोळी सुटलेली नाही, एकही जखमी पडद्यावर आलेला नाही. वडील त्याला अडवत नाहीत. मुलाला शिकवताना बापानं जी आशा धरलेली असते, ती तो त्या क्षणी सोडून देतो. १९४६च्या या चित्रपटातली पहिली आहुती मुलाची नाही, बापाची आहे. केशवराव दात्यांसारखा कसलेला नट त्या भूमिकेत असल्यामुळे प्रसंगाला मोठ्या भाषणाची गरज उरत नाही.

चित्रपटामागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १९३८ साली, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. द्वारकानाथ कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. चौघे परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, कॅनडाचे शल्यविशारद डॉ. बेथ्यून यांच्या नावानं सुरू झालेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ३२व्या वर्षी गेले. मुलगा त्या वेळी काही महिन्यांचा होता. या हकिकतीवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हा चित्रपट उभा राहिला.

तो निघाला कसा, हेही मला फार मोलाचं वाटतं. महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म सरकारच्या ताब्यात होती आणि प्रत्येक निर्मात्यानं युद्धप्रयत्नांना हातभार लावणारा चित्रपट काढावा असा इंग्रज सरकारचा आग्रह होता. शांतारामांनी त्या चौकटीत काँग्रेसनं पाठवलेला डॉक्टर बसवला. जपानविरोधी म्हणून सरकारला नकार देता येईना, आणि पडद्यावर मात्र गुलाम देशाचा एक तरुण दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी मरताना दिसला.

आज पाहताना काही गोष्टी खटकतात आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. शांताराम स्वतः कोटणीसांची भूमिका करतात, तेव्हा त्यांचं वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं होतं. ऐन तारुण्यातला उतावळेपणा त्यांना अभिनयानं भरून काढावा लागतो आणि तो कधी कधी नाटकी होतो. कोटणीसांच्या पत्नीच्या भूमिकेतल्या जयश्रीबाईंची चिनी रंगभूषा आजच्या डोळ्याला पटत नाही. प्लेगच्या साथीचा भाग तर मला चित्रपटाचा सगळ्यात कमकुवत भाग वाटतो. प्रत्यक्षातल्या कोटणीसांचं मोठेपण रोजच्या कामात होतं: शस्त्रक्रियांची रांग संपवणं, चिनी शिकून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवणं, वडील वारल्याची बातमी आली तरी परत न जाणं. पटकथेला एवढ्यानं भागेना, म्हणून तिनं रोगाशी रोमहर्षक झुंज उभी केली. कष्टाचं शौर्य पडद्यावर दाखवणं अवघड असतं, हे खरं. पण शांतारामांना ते जमलं असतं, असं शेवट पाहून वाटतं.

तो शेवट मात्र अप्रतिम आहे. मृत्युशय्येवरचा कोटणीस स्वतःच्या मरणाबद्दल बोलत नाही, देशाबद्दल घोषणा देत नाही. तो बायकोला आपल्या घराची वाट सांगतो. तू हिंदुस्थानात जाशील, माझ्या गावी पोचशील, घरचे तुझं स्वागत असं करतील. तो बोलत जातो आणि त्याचे शब्द दृश्य होत जातात. हयातीत जिथं परतणं जमलं नाही, तिथं तो बोलण्यातून बायकोला नेऊन पोचवतो. युद्धानं त्याच्याकडून नेमकं काय घेतलं, ते इथं कळतं. प्राण तर घेतलेच, पण त्याहून ठळकपणे दिसतं ते घर. पहिल्या प्रसंगात बापानं जे दिलं, त्याची किंमत शेवटच्या प्रसंगात मुलगा मोजतो. वसंत देसाईंचं संगीत आणि व्ही. अवधूत यांचं छायाचित्रण यांचं कौतुक नेहमी होतं. मला थोर वाटते ती ही बांधणी.

याच चित्रपटाची पुढं अमेरिकेत काटछाट होऊन चीनविरोधी प्रचाराची एक आवृत्ती निघाली. १९४७च्या व्हेनिस महोत्सवात गेलेल्या चित्रपटाच्या वाट्याला हेही आलं.

आता लातूर-नांदेडकडे वळतो, कारण हा चित्रपट इथं बसून पाहताना दुसराच एक चित्रपट डोळ्यांपुढं उभा राहतो, जो अजून कुणी काढलेला नाही. ‘डॉ. कोटनिस’च्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९४६ला, बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ हैदराबाद मुक्तिलढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. पुढच्या दोन वर्षांत हा सगळा मुलूख निजामाविरुद्धच्या लढ्याची युद्धभूमी झाला. लातूर-धाराशिवची कुटुंबं सोलापूर-बार्शीकडे गेली, हदगावकडची उमरखेडकडे. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लुटली गेली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्याच्या हवाली झाली. हा प्रसंग पडद्यावर कुणीही रंगवील, कारण त्यात घोडे आहेत, बंदुका आहेत, धाव आहे.

पण मला वाटतं, शांतारामांचं लक्ष दुसरीकडं गेलं असतं. सप्टेंबर १९४८च्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी इथल्या गावांवर जे केलं ते घराघरात माहीत आहे. कारवाईनंतर जे झालं ते आपण कमी बोलतो. केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा केला आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. धाराशिव, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्या लातुरात मुसलमानांची कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असं त्यात लिहिलं आहे. अहवाल कित्येक दशकं दप्तरात पडून होता. त्याच अहवालात काही ओळी अशा आहेत की त्या वाचून थांबावं लागतं. अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. एका धंद्यातली माणसं एकमेकांना विशेष धरून राहिली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी हिंदू जमावाला तोंड दिलं आणि त्यात स्वतःचे प्राणही गमावले. पळवलेल्या बायका परत आणायलाही कितीतरी जणांनी मदत केली.

या विणकरांनी कुठलं पथक काढलं नव्हतं, त्यांना निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं. बाजूच्या मागावर बसणारा माणूस एवढंच नातं होतं. शांतारामांनी १९४१ साली ‘शेजारी’त जिवबा आणि मिर्झा यांना हातात हात घालून मरताना दाखवलं होतं, आणि पाच वर्षांनी कोटणीसांच्या घराचा उंबरा दाखवला. या दोन चित्रपटांची नजर एकत्र आली तर मराठवाड्याचा युद्धपट तयार होईल. त्यात रझाकारांचे अत्याचार पुरते दाखवावे लागतील, नंतरची कत्तलही पुरती दाखवावी लागेल, आणि मधे तो विणकर उभा असेल.

मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सोलापुरात शिकले आणि त्यांच्या नावाचं विद्यापीठ नांदेडला आहे. त्या विद्यापीठाला आणि लातूरच्या चित्रपटप्रेमींना माझी विनंती आहे: येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदन झाल्यावर ‘डॉ. कोटनिस’ आणि ‘शेजारी’ लागोपाठ दाखवा, आणि तरुण मुलांना सुंदरलाल अहवालातली विणकरांविषयीची नोंद वाचायला द्या. पटकथा त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहील.